बातमीचा मालक

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांशी माझी ओळख भांडणानं झाली. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. मी नुकतीच हिंगोलीला मराठी शिकवायला रुजू झाले होते आणि एम.फिल.चं काम अंगावर होतं. मला हवं असलेलं एक जुनं पुस्तक नेमकं आमच्या ग्रंथालयात सापडलं. ते बाजारात कुठंच मिळत नव्हतं. मी ते उचललं आणि गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाले, तर मागून शांत आवाज आला.

"मॅडम, किती पानं काढून राहिले?"

"सगळंच काढते, सर."

"सगळं न्हाई काढता येत. एखादं प्रकरण काढा. बाकीचं इथं बसून वाचा, पंख्याखालची जागा देतो."

"पण हे पुस्तक विकत मिळत नाही."

"लेखक हायेत की जिवंत. त्यांना कार्ड टाका."

मला राग आला. घरी जाऊन त्याच तिरीमिरीत मी लेखकांना कार्ड टाकलं. काही दिवसांनी उत्तर आलं, 'खुशाल प्रत काढा, कोणीतरी वाचतं आहे याचा आनंद झाला.' ते कार्ड मी सरांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, डिंक काढला, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलं आणि पुस्तक घेऊन स्वतः झेरॉक्सच्या दुकानात गेले. प्रत होईपर्यंत उन्हात उभे राहिले. दुकानदार त्यांना पाहून नेहमी तोंड वाकडं करायचा. कॉलेजचं निम्मं गिऱ्हाईक या एका माणसामुळं बुडतं, असं त्याचं म्हणणं होतं.

सर उंच, काटकुळे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं, मे महिन्यातसुद्धा. शर्टाच्या खिशात एक छोटी कात्री असायची आणि तिचं टोक खोडरबरात खुपसलेलं असायचं. ते कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले. घराण्यात विद्यापीठापर्यंत पोहोचलेले पहिलेच. त्यांची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. घरात सगळं बेताचं आणि नीटनेटकं होतं. वेड काय ते एकच होतं. जगातल्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी धनी असतो आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय ते वाक्य वापरू नये, असं त्यांना मनापासून वाटायचं.

स्टाफरूममध्ये ते विनोद सांगायचे. चांगले सांगायचे. सगळे हसले की हात वर करायचे. "हा माझा न्हाई. आमच्या मेहुण्याचा हाय." त्यांच्या डब्यातल्या ठेच्याचं कोणी कौतुक केलं, तर तो ठेचा शेजारच्या भाभींनी शिकवला हे सांगितल्याशिवाय पुढचा घास घ्यायचे नाहीत. एकदा कॉलेजात शोकसभा होती. प्राचार्य गहिवरून बोलत होते, बायका डोळे पुसत होत्या, आणि सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे शेवटचं वाक्य मागच्या शोकसभेत गणिताच्या सरांनी वापरलं व्हतं." त्यात खवचटपणा मुळीच नव्हता. त्यांना फक्त नोंद करायची होती.

एका लग्नपत्रिकेवर चार ओळींची कविता छापली होती. सरांनी नवऱ्या मुलाच्या बापाला विचारलं, "ह्या ओळी कोणाच्या?" ते म्हणाले, "प्रेसवाल्याच्या." सर प्रेसमध्ये गेले. प्रेसवाला म्हणाला, वारंगा फाट्याच्या एका प्रेसच्या पत्रिकेवरून घेतल्या. रविवारी सर एस.टी.नं वारंगा फाट्याला गेले. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे नांदेडहून आल्या. तिथून पुढं माग लागला नाही. सरांनी ती पत्रिका फायलीत लावली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कवी अज्ञात. शोध चालू.'

मी एकदा त्यांना विचारलं, हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून शिरलं. ते टाळतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सरळ सांगितलं. कॉलेजात असताना जयंतीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी एक भाषण लिहिलं होतं, रात्ररात्र जागून. वस्तीतल्या एका पुढाऱ्यानं ते वाचायला म्हणून मागून नेलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं स्टेजवरून तेच भाषण शब्द न् शब्द केलं.

"मग तुम्ही काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवून राहिले व्हते." मग म्हणाले, "भाषण चांगलंच व्हतं, मॅडम."

त्यांचा खरा जीव कात्रणांत होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. पुढे वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधीपासून सर या भागाच्या बातम्या जमवत होते. ग्रंथालयाच्या पेपरला ते कात्री लावायचे नाहीत. आदल्या दिवशीचा पेपर ते न्हाव्याच्या दुकानातून मागून आणायचे, आणि बदल्यात गरज नसताना दाढी करून घ्यायचे. प्रत्येक कात्रणावर पेपरचं नाव, तारीख, पान लिहायचे. आणखी एक गोष्ट लिहायचे, जी मी दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात पाहिली नाही. बातमीवर नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून' असं छापलेलं असलं, की तो वार्ताहर कोण हे शोधून ते त्याचं नाव टाकायचे.

अशाच शोधात त्यांना गोरेगावचा वार्ताहर सापडला. त्यांना सर 'दादा' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. दादा गोरेगावजवळच्या तांड्यावरचे. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांवरून मिठाची, धान्याची ने-आण केली होती. दादांनी गोरेगावच्या बाजारात छोटं दुकान टाकलं होतं. सकाळी पेपर वाटायचे, दिवसभर वह्या-पेन विकायचे आणि संध्याकाळी बातमी लिहून हिंगोलीच्या जीपवाल्याकडे पाकीट द्यायचे. मोठ्या पेपरच्या जिल्हा पानावर ती चार-पाच ओळींत यायची. आठवड्याला एकदा दादा कामानिमित्त हिंगोलीला आले, की ग्रंथालयात हमखास डोकवायचे. दोघं एका बाकावर बसायचे. फारसं बोलणं नसायचंच. सर कात्रण पुढं करायचे, दादा वाचून म्हणायचे, "शेवटची वळ कापली त्यांनी." सर ती कापलेली ओळ दादांकडून विचारून पेन्सिलीनं खाली लिहून ठेवायचे.

दादांचं लिखाण मला फार आवडायचं. त्यात विशेषणं नसायचीच. 'तांड्यावरच्या शाळेला अखेर गुरुजी मिळाले. मुले ऊसतोडीला गेलेली आहेत.' एवढीच बातमी. किंवा, 'हातपंपाची दुरुस्ती झाली. पाणी आलेले नाही.' मी या बातम्या वर्गात वाचून दाखवायचे आणि पोरांना सांगायचे, बघा, इतकं कमी लिहिता आलं पाहिजे. सरांनी मला बजावलं होतं, वाचा, पण नाव घेऊन वाचा.

मग ग्रंथालयात कॉम्प्युटर आला. इंटरनेट प्राचार्यांच्या टेलिफोनच्या लाईनवर चालायचं, म्हणजे प्राचार्यांचं बोलणं संपलं की आमचं सुरू व्हायचं. लाईट असेल तर फोन चालू नसायचा, फोन चालू असेल तर लाईट नसायची. तोवर मोठ्या पेपरांनी आपापल्या वेबसाइट काढल्या होत्या. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते खिळे-मोळे दिसायचे. सरांनी ते सगळे फॉन्ट एका फ्लॉपीत साठवले होते.

सुरुवातीला ते या नव्या सोयीवर खूश होते. एके दिवशी सकाळी वाचलेली बातमी दुपारी मला दाखवायला गेले, तर ती जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी आदल्या आठवड्याची पानंही गेली होती. सर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

"छापलेला पेपर कमीत कमी रद्दीत जातो, मॅडम. भेळीच्या पुड्यावर सापडतो. हे कुठं जातं?"

त्या दिवसापासून ते जिल्ह्याच्या बातम्यांची पानं रोज उतरवून ठेवू लागले. आधी फ्लॉपी, नंतर सी.डी. शिरस्ता कात्रणांसारखाच. पेपर, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव. प्राचार्य कुरकुरायचे, कारण सर बसले की फोन एंगेज लागायचा. पण हळूहळू लोकांना याची सवय झाली. कोणी पाणीटंचाईवर प्रबंध लिहीत होता, कोणाला औंढ्याच्या जत्रेच्या जुन्या बातम्या हव्या असायच्या. सर सगळ्यांना एकच नियम सांगायचे. इथं बसा, पाहिजे तेवढं वाचा, टिपणं काढा. अभ्यासाला एखाद्या बातमीची प्रत लागली तर घ्या. पण आख्खा गठ्ठा न्यायचा नाही, आणि कुठं पुन्हा छापायचा नाही.

"बातमी तर सगळ्यांचीच असते, सर," एकदा एक प्राध्यापक चिडून म्हणाले. "पूर आला, ही गोष्ट काय पेपरवाल्याच्या मालकीची आहे?"

"पूर कोणाच्याच बापाचा न्हाई," सर म्हणाले. "पुराबद्दल लिहिलेलं मात्र ज्याचं त्याचं."

ही अडवणूक मला तेव्हाही थोडी जास्तच वाटायची. ज्ञान वाटण्यासाठी असतं, कुलपात ठेवण्यासाठी नाही, असं मी त्यांना पुष्कळदा ऐकवलं होतं. ते म्हणायचे, "वाटा की. पण वाटायचं त्याला एकदा इचारा."

पुढं कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार असं ठरलं. कॉलेजची वेबसाइट तयार झाली. त्यावर घालायला काय आहे, अशी शोधाशोध सुरू झाली आणि प्राचार्यांना सरांचा संग्रह आठवला. जिल्ह्याच्या इतक्या वर्षांच्या बातम्या, दुसऱ्या कोणाकडे नाहीत. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, हे सगळं वेबसाइटवर टाका, कॉलेजचं नाव होईल.

"ह्याची परवानगी न्हाई आपल्याजवळ," सर म्हणाले. "इथं वाचाय ठेवणं येगळं, सगळ्या जगाला वाटणं येगळं."

प्राचार्य वाईट नव्हते. पण समितीच्या धास्तीनं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. सर पुतणीच्या लग्नाला वसमतला गेले, तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून तो सगळा संग्रह साइटवर चढवून घेतला. समितीला तो फार आवडला. समिती गेली आणि काही दिवसांनी, दादा ज्या पेपरसाठी लिहायचे, त्याच पेपरच्या वकिलाची नोटीस आली. आमचा मजकूर आमच्या परवानगीशिवाय जसाच्या तसा प्रसिद्ध केला आहे, तो ताबडतोब काढावा, अन्यथा कायदेशीर कारवाई.

प्राचार्यांनी त्याच दुपारी साइट बंद केली. मग सरांना बोलावलं. मी तिथंच होते.

"लायब्ररीतलंही सगळं पुसून टाका. सी.डी. मोडून टाका. ही ब्याद नको आपल्याला."

सर म्हणाले, "वेबसाइटवरचं काढलं, ते बराबर केलं. ती चूकच व्हती. पण अभ्यासासाठी जपून ठेवलेलं पुसायला मला कोणी सांगितलेलं न्हाई. नोटिशीत बी न्हाई."

"मी सांगतोय ना."

"थोडी मुदत द्या, साहेब. मी त्यांना भेटून येतो."

मला उत्तरपत्रिका तपासायला औरंगाबादला जायचंच होतं. आम्ही एकाच एस.टी.नं निघालो.  दादा आदल्या उन्हाळ्यात काविळीनं गेले होते. मांडीवरच्या पिशवीत सरांनी दादांच्या बातम्यांच्या छापील प्रती आणल्या होत्या. मी विचारलं, ह्या कशाला. म्हणाले, "बघू."

पेपरच्या औरंगाबादच्या कार्यालयात आम्हाला एका व्यवस्थापकांपुढं बसवलं. मध्यमवयीन, सौम्य माणूस. सरांनी आधी हात जोडले.

"आमच्याकडून चूक झाली. न इचारता लावलं. पुन्हा व्हणार न्हाई."

ते ऐकून समोरचा माणूस एकदम सैल झाला. भांडायला आलेत असं त्यांना वाटलं असावं. चहा आला. सरांनी संग्रह कसा आहे, कोण वाचतं, कसं वाचतं ते सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, "ग्रंथालयात बसून कोणी अभ्यास करत असेल तर आमची हरकत असायचं कारण नाही. पण प्रती वाटायच्या नाहीत आणि साइटवर नाही. आमच्या माणसांनी कष्टानं लिहिलेलं असतं."

"बराबर," सर म्हणाले. त्यांना ते खरोखरच पटलेलं दिसत होतं. मग त्यांनी पिशवीतून त्या प्रती काढल्या. "आता ह्या गोरेगावच्या. ह्या कोणाच्या?"

"आमच्याच. आमच्या पेपरात आल्यात ना."

"त्यांना नोकरीवर ठेवलं व्हतं का?"

"वार्ताहराला कुठली नोकरी? बातमीमागं काय ते मानधन."

"काही लिहून घेतलं व्हतं? की हे लिखाण पेपरचं म्हणून?"

व्यवस्थापक हसले. "गोरेगावच्या वार्ताहराशी कोण करार करतो, सर?"

"मी एका वकिलाला इचारलं व्हतं," सर म्हणाले. "तो म्हणला, पगारी माणसाचं लिखाण मालकाच्या पेपरचं व्हतं. पण जो नोकर न्हाई आणि ज्यानं लिहून दिलं न्हाई, त्याचं लिखाण त्याचंच ऱ्हातं. तो मेला तर त्याच्या लेकराबाळांचं. आमचा वकील छोटा हाय, चुकत असंल. तुमी तुमच्या वकिलाला इचारा."

व्यवस्थापकांनी एक बातमी उचलून वाचली, मग दुसरी. हातपंपाच्या बातमीवर ते थोडं हसले. म्हणाले, आमची साइट मध्यंतरी बदलली, फॉन्ट बदलला, त्यात जुनी पानं गेली. जिल्हा पानाच्या फायली कोणी ठेवल्या नाहीत. हे आमच्याकडंही नाही.

महिन्याभरात त्यांचं पत्र आलं. ग्रंथालयात अभ्यासासाठी ठेवायला हरकत नाही, प्रसिद्ध करू नये. गोरेगावच्या बातम्यांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं ना आता? ठेवा म्हणाले."

"अजून एका माणसाला इचारायचं ऱ्हायलं," सर म्हणाले.

त्यांनी जीपवाल्याकडून निरोप पाठवला आणि एका दुपारी दादांच्या पत्नी ग्रंथालयात आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, गोंदलेल्या हनुवटीच्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्या दारातच चपला काढायला लागल्या. सर म्हणाले, "असू द्या, वहिनी, या." त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

सरांनी कॉम्प्युटरवर दादांच्या बातम्या उघडल्या. वहिनी पडद्याजवळ सरकून, बोट न टेकवता, एकेक ओळ पुटपुटत वाचायला लागल्या. थोड्या वेळानं डोळे पुसून मला म्हणाल्या, "बाई, उजेडानं डोळ्याला पाणी येऊन राहिलं. तुमी वाचा."

मी वाचू लागले. गुरुजींची बातमी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "असंच बोलायचे. घरात बी असंच. जेवण झालं म्हणायचे, भूक ऱ्हायली म्हणायचे." दुकानातल्या जुन्या पेपरांना वाळवी लागली होती, घरात दादांचं एक अक्षर उरलं नव्हतं, हे त्यांनी मध्येच सांगितलं.

बरंच वाचून झाल्यावर सर खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"वहिनी, हे सगळं इथं ठेवायला तुमची परवानगी पाहिजे."

"माझी?" त्या गोंधळल्या. "पेपरवाले न्हाई म्हणले का?"

"त्यांचं त्यांना इचारलं. हे त्यांचं न्हाई. हे दादांचं व्हतं. आता तुमचं, लेकरांचं."

"जमिनीवाणी?"

"जमिनीवाणीच."

वहिनींनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "जमीन तर दिरांनी ठेवून घेतली. हे काहून सोडलं त्यांनी?" आणि स्वतःच हसल्या. सर हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत होते.

"एक बातमी हाय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या तांड्यावरच्या पोरीची. ती हाय का ह्याच्यात?"

सरांनी शोधली. होती. वहिनींनी मला वाचायला सांगितली. मी वाचली. एक मुलगी घरातून कोणाबरोबर तरी निघून गेली, एवढीच हकिगत. तिचं नाव होतं, बापाचं नाव होतं. इतर बातम्यांसारखीच चार ओळींची, आणि त्याच कोरड्या तऱ्हेनं लिहिलेली. बाकी सगळीकडं जो कोरडेपणा मला गोड वाटला होता, तो इथं अंगावर आला.

"त्या पोरीच्या मायनं पुन्हा आमच्या दारात पाय ठेवला न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पोरगी आता सुखात हाय. दोन लेकरं हायेत. हे म्हणायचे, ही बातमी मी द्याय नव्हती पाहिजे. शेवटी दवाखान्यात बी म्हणले." त्यांनी सरांकडं पाहिलं. "मालक मी असंल तर ही ठेवू नका."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, ही छापून आलेली बातमी आहे. घडलेली गोष्ट आहे. आपण पुसली म्हणून ती घडली नाही असं होत नाही. आणि एकदा पुसायला सुरुवात केली तर उद्या कोणीही येईल."

सरांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना कळत नव्हतं असं नाही. उलट ते त्यांचंच म्हणणं होतं. प्राचार्यांपुढं, व्यवस्थापकांपुढं ते हेच जपत आले होते. त्यांनी वहिनींना विचारलं, "मी ही येगळी ठेवतो. कुलूप लावून. कोणालाच वाचाय देणार न्हाई. चालंल का?"

"किल्ली कोणापाशी?"

"माझ्यापाशी."

"अन् तुमच्या मागं?"

 बाहेर मैदानात पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. सर कॉम्प्युटरकडे वळले आणि त्यांनी ती बातमी पुसली. कॉम्प्युटरनं पुन्हा एकदा विचारलं, खरंच पुसायची का. त्यांनी चष्मा वर करून तो प्रश्न वाचला आणि हो म्हटलं. सी.डी.वरून एकच बातमी काढता येत नाही, म्हणून त्यांनी ती वगळून नवी सी.डी. तयार करायला घातली. तेवढ्या वेळात कपाटातली फाईल काढली, कात्रण सोडवलं आणि वहिनींच्या हातात दिलं. नवी सी.डी. झाल्यावर जुनी त्यांनी गुडघ्यावर दाबून मोडली. ती पटकन मोडत नव्हती. मोडली तेव्हा एक तुकडा उडून माझ्या पायाशी आला. मी तो उचलून त्यांच्याकडे दिला.

वहिनींनी कात्रणाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि पिशवीत ठेवली. "चुलीत घालते," म्हणाल्या. मग उठता उठता, "बाकीचं ठेवा. कोणी वाचाय आलं तर वाचू द्या. कोणाला लिवून न्यायचं असंल तर नेऊ द्या. त्यांना आवडायचं कोणी वाचलेलं."

सर त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर त्यांनी माझ्याशी त्या विषयावर काही बोलणं काढलं नाही. मीही काढलं नाही. पण मला ते पटलं नव्हतं, आणि पुढची काही वर्षं पटत नव्हतं. ग्रंथपालानं पुसायचं नसतं, असंच मला वाटायचं. एकदा निवृत्तीच्या आसपास मी त्यांना म्हणालेसुद्धा, "सर, तुम्ही त्या दिवशी चुकलात." ते म्हणाले, "असंल. पण मी वहिनींना मालक म्हणलं व्हतं, मॅडम. मालक म्हणायचं अन् त्यांचं ऐकायचं न्हाई, हे कसं?"

सर आता नाहीत. संग्रह ग्रंथालयात आहे. गोरेगावच्या बातम्या वाचायला अधूनमधून कोणी येतं. सी.डी. अजून चालते, फॉन्टची तेवढी अडचण होते.

ती एक बातमी मी त्या दुपारी मोठ्यानं वाचली होती. चारच ओळी. शिकवण्याच्या सवयीनं चांगलं लिहिलेलं माझ्या डोक्यात बसतं, तशी ती बसली आहे. नाव, गाव, सगळं. हे लिहायला बसले तेव्हा ती हाताशी आलीच होती. गोरेगावला वहिनींना निरोप पाठवून विचारावं, असंही मनात आलं. मग वाटलं, त्यांनी उत्तर एकदा दिलेलं आहे. म्हणून ती इथं नाही.